दुखणं काय म्हणून सांगायचं

आमच्या घरातले देव ज्या वर्षी नदीत गेले, त्याच वर्षी मायच्या दुखण्याची नावंही गेली. देव गेलेले सगळ्या गावानं पाहिलं, नावं गेलेली कुणीच पाहिली नाहीत. बाबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले ते वेगळेच होऊन आले. गेले तेव्हा बोरीच्या बाजारात थापी आणि ओळंबा घेऊन कामाची वाट पाहत बसणारे गवंडी होते. आले तेव्हा पांढरा सदरा, ताठ मान, आणि पाटलाच्या ओट्यापुढून जाताना पायातली वहाण पायातच. आल्या आल्या त्यांनी मायला देवळीतले देव टोपलीत भरायला सांगितले. पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक होते, मरीमायचा मुखवटा होता, आणि साती आसरांचे शेंदूर फासलेले गोटे होते. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, डोहात राहणाऱ्या. बाबा अडाण नदीच्या काठावर उभे राहिले आणि माय गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली उलटी करून आली. परत येताना बाबा मोठमोठ्यानं बोलत होते आणि माय ओल्या लुगड्याचा पदर पिळत मुकाट्यानं मागून चालत होती. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणी त्याचा वाकडा अर्थ काढू नये.

घरात तेव्हा माय, बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण, अशी चार माणसं. आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती. तिचा एकुलता मुलगा नाना पांढरकवड्याला ट्रकवर क्लीनर होता आणि क्वचितच येई. पहाटे आत्या आणि माय समोरासमोर बसून जात्यावर ज्वारी दळत. पूर्वी दळताना दोघी गात आणि मी त्या घरघरीत पुन्हा झोपून जाई. पण ओव्यांमध्ये पावलोपावली जुने देव. बाबांनी सांगितलं, नावं बदलून म्हणा. आत्या बदलून म्हणू लागली, कुठे मात्रा कमी पडे, कुठे जास्त होई, तिला काही फरक पडत नसे. मायला ते जमेना. ती नुसतंच दळू लागली. मग चूल पेटे, भाकरी थापल्याचा आवाज येई, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसे, आणि बाबा ओट्यावर बसून कुणाला तरी नव्या चालीरीती समजावत असत.

घरात जुना शब्द चालत नसे. कुणाच्या पोराला गोवर निघाला आणि आत्या म्हणाली, "माता आली," की बाबा तिथल्या तिथे थांबवत. "माता नाही आली, बाई. रोग झाला. रोग म्हन." नजर लागली म्हणायचं नाही, बाहेरचं झालं म्हणायचं नाही, सटवी म्हणायचं नाही. सगळ्याला एकच शब्द, रोग. आत्या वैतागून म्हणायची, "पहिले मानसं येगयेगळ्या गोष्टीनं मरत होते, आता सारे एकाच रोगानं मरून राह्यले." मी हसायचे. बाबाही मिशीत हसत, पण शब्द काही सोडत नसत.

आता मी जे सांगते ते बाबांना कळायला मार्गच नव्हता. त्या जुन्या शब्दांमध्ये बायकांची सगळी दुखणी होती. पोटातलं मूल दिवस भरण्याआधी गेलं, म्हणजे ज्याला डॉक्टर गर्भपात म्हणतात आणि आपण पोट पडलं म्हणतो, की बाया म्हणत आसरांनी नेलं. अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली, वास यायला लागला, की आसरा लागल्या. पाळी सरता सरेना, कापडावर कापड भिजू लागलं, की आसरांनी धरलं. चूक होतं ते, शंभर टक्के चूक. पण असं म्हणता तरी येत होतं. बाई दारात उभी राहून नवऱ्याला सांगू शकत होती की मले आसरा लागल्या, आणि काय झालं असावं ते नवऱ्याला न विचारता समजत होतं. "मले रोग झाला" असं सांगून कुणाला काय समजणार?

दुसरी गोष्ट विटाळाची. बाबांनी तो एका दिवसात बंद केला. पाळी आलेल्या बाईनं गोठ्याजवळ बसायचं नाही, घरात वावरायचं, चुलीला शिवायचं, पाणी भरायचं. गावातल्या बाकीच्या घरांत हे व्हायला कितीतरी वर्षं लागली, काहींत अजून झालेलं नाही. मला ते दूर बसणं परत नको, कुणाच्याच मुलीला नको. पण माय दूर बसायची तेव्हा ती किती दिवस बसली ते सगळ्या घराला दिसायचं. चौथ्या दिवशी ती न्हाली नाही तर आत्या विचारायची. आता माय सदासर्वकाळ चुलीपुढेच दिसू लागली आणि आतल्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसेना. शिवाय पूर्वी त्या दिवसांत पाठ तरी टेकता यायची, आता तीही गेली. चांगली गोष्ट करतानासुद्धा बाईला कुणी विचारत नाही, याचा मला अजून संताप येतो.

मायच्या अंगावरून जायला लागलं ते कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मला दिसलं ते एवढंच की परसातल्या तुराट्यांच्या कुडामागे तिचे कापडाचे तुकडे कायम वाळत असत, आणि वर जुनं लुगडं टाकलेलं असे. ती पांढरी पडत चालली. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतली कड, सगळं फिकं. आडावरून घागर आणताना मध्येच बसे. आणि ती माती खाऊ लागली. चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली असायची, तिचे पापुद्रे ती नखानं काढून तोंडात टाकी. बाबा गवंडी माणूस. भिंतीचा कोपरा झडलेला पाहून ते चिडत. ओली माती लिंपून कोपरा पुन्हा नीट करत आणि म्हणत, "अवं, लहान लेकरू हायेस का तू? माती खाचं वय हाये का हे?" माय खाली मान घालून पोळपाट धुवत बसे. दुसऱ्या दिवशी कोपरा पुन्हा झडलेला.

याला ॲनिमिया म्हणतात. रक्तक्षय म्हणा, पांडुरोग म्हणा. अर्थ इतकाच की अंगातून रक्त जातं तितकं तयार होत नाही, रक्तातलं लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की काही बायांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ती खोड नसते, तेही दुखणंच असतं. दोन वाक्यांत सांगून झालं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पोरींना हे दोन मिनिटांत समजतं हे मला ठाऊक आहे. मग ही दोन मिनिटं आमच्या घराला का मिळाली नाहीत? आणि आज तरी काय वेगळं आहे? माझी सून शिकलेली, बँकेत नोकरी करते. पाळीच्या दिवसांत ती मला म्हणते, "आई, आज जरा बरं नाहीये." टीव्हीवर त्या पट्ट्यांची जाहिरात लागते तर तीत निळं पाणी ओततात. रक्त निळं असतं का?

तेव्हा आमच्याकडे बाईचं औषध पुरुषानं आणायची रीत होती. बाई घरीच. नवरा बाजाराच्या दिवशी रिकामी बाटली घेऊन बोरीला डॉक्टरांकडे जायचा, बाईला काय होतं ते आपल्या तोंडानं सांगायचा, कंपाउंडर बाटलीत लाल मिक्श्चर भरून तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी डकवून द्यायचा. माय बाबांना सांगे, "पोटात दुखते." बाबा डॉक्टरांना सांगत, "पोटात दुखते." डॉक्टर पोटदुखीचं औषध देत. कुणी खोटं बोललं नाही, कुणी हयगय केली नाही, आणि बाटल्यांवर बाटल्या संपल्या. मायला मी एकदा विचारलं, "माय, बाबाले खरं काऊन नाही सांगत?" ती म्हणाली, "काय सांगू? आसराचं नाव घेतलं तर घरात भांडन होईल. अन् दुसरं नाव मले येत नाही."

आत्याला मात्र न सांगता समजलं होतं. आणि तिला कारणही समजलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. मायनं आपल्या हातानं आसरांना पाण्यात टाकलं म्हणून आसरा तिच्यावर उठल्या. हे ती मायच्या कानाशी लागून रोज सांगायची. एका दुपारी, बाबा नेरकडे कुणाच्या घराच्या बांधकामावर गेलेले असताना, त्या दोघी दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या आणि शेंदराची पुडी पदराखाली घेऊन नदीच्या डोहावर गेल्या. मला घर राखायला सांगितलं. थोड्या वेळानं बोंबाबोंब ऐकू आली. डोहाच्या कडेला वाकल्या वाकल्या मायला भोवळ आली आणि ती पाण्यात पडली होती. शेळ्या राखणाऱ्या माणसांनी तिला बाहेर काढलं, बाजेवर घालून घरी आणलं. तिच्या लुगड्यावरून पाणी गळत होतं ते लालसर होतं. गावाला मात्र ते दिसलं नाही, गावाला दिसला तिच्या हातावरचा शेंदूर.

बाबा आले ते रागानं काळेनिळे होऊन. "माह्या घरात आसरा? मी गावभर लोकायले सांगत फिरू, अन् माह्याच घरात?" तिला काय होतंय हे त्यांनी विचारलं नाही. विचारतील म्हणून मी उंबऱ्यावर वाट पाहत बसले होते. मला वाटलं, आता तरी विचारतील. त्यांनी आत्याला धारेवर धरलं, आत्यानं त्यांना उलटून सुनावलं, आणि चुलीवर तुरीचं वरण करपून गेलं. दोन-तीन दिवसांनी पंचांचा निरोप आला. दीक्षेच्या वेळी घेतलेली, जुने देव न पूजण्याची प्रतिज्ञा ज्यानं मोडली त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून माफी मागायची असा गावात ठराव होता, आणि तो ठराव बाबांनीच मांडलेला होता.

सभा विहारात होती. विहार म्हणजे तेव्हा बाबांनी बांधलेली मातीच्या भिंतींची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण. संध्याकाळी पुरुष एका बाजूला बसले, बाया दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकून. भिवाजीकाका नावाचे वृद्ध गृहस्थ पंचांत मुख्य होते, मऊ बोलणारे. त्यांनी माझ्या नावानं मायला हाक मारून विचारलं, "सुमनची माय, प्रतिज्ञा घेतलती का नाही तुनं?"

"घेतलती."

"मंग डोहावर कायले गेलती?"

बाबा मान खाली घालून बसलेले. तिथूनच म्हणाले, "माफी माग अन् मोकळी हो."

माय उभी होती ती एका हातानं खांब धरून. मला भीती वाटत होती की ती पुन्हा पडेल. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "माफी मागतो. पन पहिले मले एक सांगा. माह्या अंगावरून रक्त जाते. पाळी सरत नाही, सरली तं लगेच पुन्हा येते. पोटात गोळा हाये, हाताले लागते. पहिले आमी याले आसरा लागल्या म्हनत जाओ. आता आसरा नाही, मान्य हाये मले. म्याच टाकल्या पान्यात. मंग हे काय हाये? याले काय म्हनाचं ते तुमी शिकेल-सवरेल मानसं सांगा. तसं म्हनतो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "हे काय सभेत बोलाची गोष्ट हाये?"

"तुमीच तं सभेत उभं केलं मले," माय म्हणाली.

भिवाजीकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बायांच्या बाजूला कुणी मान वर करेना, पण सगळ्याजणी ऐकत होत्या. मी बाबांकडे पाहत होते. कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकणारा हा माणूस सारवणातली काडी नखानं उकरत बसला होता. शेवटी भिवाजीकाका म्हणाले, "माफीचं राहू दे. तिले यवतमाळले ने, मोठ्या दवाखान्यात. अन् मिक्श्चर आनू नको, तिलेच ने."

दुसऱ्या दिवशी बंडीनं बोरी आणि तिथून मोटारीनं यवतमाळ. मायनं माझा हात सोडला नाही म्हणून मीही गेले. दवाखान्यात बायकांसाठी डॉक्टरीणबाई होत्या, मध्यम वयाच्या, थकलेल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मायनं सवयीनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पोटात..." आणि थांबले. मग म्हणाले, "तिलेच इचारा, बाई," आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले.

बाईंनी तपासलं, मग हात धूत सांगितलं, "पिशवीत गाठ आहे." आम्हाला समजलं नाही हे त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी हात पुसून मूठ दाखवली. "मूल जिथं वाढतं ती पिशवी. एवढी असते. तिच्यात मांसाची गाठ वाढली म्हणून ती नारळाएवढी झाली आहे. म्हणून रक्त जातं, रक्त जातं म्हणून चक्कर येते. कॅन्सर दिसत नाही. रक्त चढवू आणि पिशवी काढू. मग थांबेल." मी पुढे जन्मात फायब्रॉईडचं याहून चांगलं वर्णन ऐकलं नाही.

माय म्हणाली, "बाई, म्या देव नदीत टाकले, त्याच्यानं झालं का हे?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्या सासूबाई सकाळ-संध्याकाळ पूजा करत. त्यांनाही झाली होती. कुणालाही होते. तुम्ही काही केलं म्हणून होत नाही."

मायनं तोंडावर पदर घेतला आणि ती हमसून हमसून रडली. इतके दिवस ती स्वतःला दोषी समजून बसली होती आणि बाबांना किंवा मला त्याचा पत्ता नव्हता. रक्त बाबांनीही दिलं. रक्त दिलं तर माणूस कायमचा खंगतो असं तेव्हा सगळे म्हणत, तरी दिलं.

माय बरी झाली. विहारातल्या पुढच्या वंदनेला कुणी बाबांना विचारलं आणि बाबा म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन झालं," तर माय बायांच्या बाजूनं मोठ्यानं म्हणाली, "पोटाचं नाही. पिशवीचं." त्यानंतर दुपारच्या वेळी एकेक बाई आमच्या परसात येऊ लागली. कुणाचं पोट वरचेवर पडायचं, कुणाची पाळी सून आल्यावरही चालूच होती, कुणाला लघवीला आग व्हायची. माय बिचारी आपल्या एका गाठीबद्दल सांगायची, तेवढंच तिला येत होतं. बाकीच्यांना म्हणायची, दवाखान्यात जा. त्या म्हणत, "जातो, पन मालकाले काय म्हनून सांगू?" आणि तिथंच सगळं अडायचं.

शेवटी एका दुपारी, बाकीच्या बाया गेल्यावर, शेंगा सोलता सोलता आत्या म्हणाली, "माहं अंग बाहेर येते, वहिनी. नानाच्या बाळंतपनापासून."

मायनं सूप बाजूला सारलं. अंग बाहेर येणं म्हणजे तीच पिशवी, तिला धरून ठेवणारे स्नायू सैल झाले की खाली सरकते, वाढलं की बाहेर लोंबते. बाळंतपणानंतर लगेच जड कामाला लागलेल्या बायांना हे फार होतं. त्यावरही उपाय आहे, तेव्हाही होता. माय म्हणाली, "त्याच डॉक्टरीनबाईजवळ जाऊ आपन. तुमच्या भाऊले सांगा."

"भाऊले? भावाले असं सांगते का कोनी? मालक असता तं त्याले सांगतलं असतं."

"मंग मी सांगतो बाबाले," मी म्हणाले.

"खबरदार," आत्या म्हणाली. "तुह्या बापाले समजलं तं मी त्या डोहात जाईन." मायनं पाया पडून विनवलं, ती रागावली, तिनं बोलणं सोडलं. आत्यानं ऐकलं नाही. कापडाची जाड घडी आत बांधून ती कापूस वेचायला जायची आणि सगळ्यांच्या आधी जायची.

ती पुढे खूप वर्षं जगली. मायच्या मागेही राहिली. ती गेली तेव्हा मी शाळेतून रजा घेऊन गावी आले. तिला आंघोळ घालणाऱ्या बायांमध्ये मीच मोठी होते. लुगडं सोडलं तर घडी तिथंच, घट्ट बांधलेली, आणि आतली कातडी घासून घासून जखम झालेली. मी ती घडी सोडवली, हात धुतले आणि बाहेर आले. बाबा ओट्यावर बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. त्यांनी विचारलं, "काय झालतं व बाईले?"

मी त्यांना सांगितलं. पिशवी म्हणजे काय, ती खाली कशी येते, किती वर्षांपासून येत होती, सगळं सरळ शब्दांत सांगितलं.

"मले कोनी सांगतलं काऊन नाही?" ते म्हणाले.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण आतून बाया आंघोळीचं पाणी मागत होत्या, म्हणून मी उठून आत गेले.